हवा किती? आकडा आपण सांगायचा

आज आपण गाडीच्या टायरमधल्या हवेबद्दल बोलणार आहोत. विषय ऐकून कुणी म्हणेल, हे घरातल्या पुरुषांना सांगा. पण बँकेत जायला, दूध घालायला, पापडाची ऑर्डर पोचवायला स्कूटी चालवणाऱ्या बायका आता आपल्या गटांत कितीतरी आहेत. पंपावरचा मुलगा विचारतो, "ताई, किती मारू?" आणि आपण म्हणतो, "मार बाबा बरोबर." मग तो त्याच्या अंदाजाने मारतो. पुढच्या चाकात जास्त होते, मागच्यात कमी पडते, आणि गाडी का उडते किंवा हँडल का जड लागतं, ते आपल्याला कळत नाही.

हवेचा आकडा गाडीची कंपनी ठरवून देते. तो गाडीच्या पुस्तिकेत असतो, बऱ्याच गाड्यांवर त्याची चिकटपट्टीही असते. पंपावर त्याला कुणी पॉइंट म्हणतं, कुणी पौंड. सर्रास दिसणाऱ्या ११० सीसीच्या स्कूटरला पुढे २२, मागे एकटीसाठी २९ आणि डबलसीटसाठी ३६ असा आकडा असतो. तुमच्या गाडीचा वेगळा असू शकतो, म्हणून आपलाच वाचा आणि डिक्कीच्या आत लिहून ठेवा. टायरच्या कडेवर छापलेला आकडा मात्र धरू नका. टायर जास्तीत जास्त किती हवा सोसेल, ते तिथे लिहिलेलं असतं.

मागच्या चाकाचे दोन आकडे कशासाठी? वजनासाठी. मागे बसलेली मैत्रीण असो की पिठाचं पोतं, चाकाला दोन्ही सारखंच. रोज माल नेणारीने डबलसीटचाच आकडा धरावा. तिघी बसायचं असेल तर त्यासाठी पुस्तिकेत आकडाच नाही, कारण ते मुळात गाडीला मान्य नाही.

हवा मोजायची ती टायर थंड असताना, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असेल तेव्हा. चालून गरम झालेल्या टायरमध्ये हवा फुगते आणि आकडा जास्त दिसतो. इथे आपली गावाकडची अडचण येते. पंप असतो सात-आठ किलोमीटरवर, तिथे पोचेपर्यंत टायर तापलेला असतो. त्यावर उपाय सोपा आहे. हवा मोजायचं साधं गेज शे-दोनशे रुपयांत मिळतं. गटात एक घेऊन ठेवलं तरी सगळ्यांना पुरतं. सकाळी घरीच मोजा. समजा हवी २९ आणि भरली २४, म्हणजे पाच कमी. पंपावर तेच चाक २६ दाखवेल. तिथे आणखी पाच भरून ३१ करा. गाडी थंड झाली की बरोबर २९ येईल. हे पंधरा दिवसांतून एकदा केलं तरी पुष्कळ. थंडी पडली की हवा आपोआप थोडी उतरते, तेव्हा जरा जास्त लक्ष ठेवा. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळायला हवी असा नियम आहे, तेव्हा मागायला लाजू नका.

आता लांबच्या प्रवासाचं. प्रदर्शनाला माल घेऊन, नाहीतर देवदर्शनाला आपण गाडी ठरवून जातो. तेव्हा एक गोष्ट हमखास ऐकू येते: "उन्हाळा आहे, लांब जायचंय, हवा जरा कमीच ठेवलेली बरी, नाहीतर टायर फुटेल." हे बरेच ड्रायव्हरदादा मनापासून मानतात. आणि हे उलटं आहे. हवा कमी असली की टायर रस्त्यावर चपटा होतो आणि प्रत्येक फेऱ्याला त्याची कड वाकते, सरळ होते, परत वाकते. कुंपणाची तार एकाच जागी वाकवत राहिलं की ती हाताला गरम लागते आणि शेवटी तुटते, तसंच हे. जीपचं चाक एका किलोमीटरमध्ये चारशेहून जास्त वेळा फिरतं. शंभर किलोमीटरमध्ये ती कड चाळीस हजारांवर वेळा वाकली. त्यात दहा माणसं, टपावर माल आणि वेग. टायर आतून तापतो तो यामुळे, आणि फुटतो तोही बहुधा असाच. गरम झाल्यावर चार-पाच पॉइंट वाढणारच, ते धरूनच कंपनीने आकडा दिलेला असतो. म्हणून वाटेत चहाला थांबल्यावर गरम टायरमधली हवा कधीच सोडू द्यायची नाही.

याचा अर्थ भरमसाट भरायची असाही नाही. जास्त हवेने टायर मधोमध झिजतो, रस्त्यावर पकड कमी होते, पावसात गाडी घसरते. चारचाकीत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर बहुतेक वेळा पट्टी असते. तिच्यावर कमी माणसांचा आणि भरल्या गाडीचा असे दोन आकडे असतील तर आपला भरल्या गाडीचा.

टायर जुना, गुळगुळीत असेल तर बरोबर हवेनेही भागत नाही. समृद्धी महामार्गासारख्या सिमेंटच्या रस्त्यावर कितीतरी वेळ एकाच वेगाने गाडी पळते, तिथे अशा टायरची दैना होते. नायट्रोजन भरा असा आग्रह कुणी केला तर चालेल, पण त्यासाठी अडून बसायचं कारण नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

ड्रायव्हरदादांना हे सांगायचं कसं, असं आम्हाला बैठकीत नेहमी विचारतात. निघताना घाईत सांगितलं तर त्यांना राग येतो. गाडी ठरवतानाच बोला: "दादा, आम्ही दहाजणी आणि अडीचशे किलो माल आहे. पट्टीवरचा भरल्या गाडीचा आकडा बघून पहाटे थंड टायरला हवा भरा, आम्ही गेज घेऊन येतो." पैसे आपण देतो, तेव्हा एवढं विचारणं म्हणजे भांडण नव्हे. आणि वजन ऐकून ते म्हणाले की एवढा माल या गाडीला झेपणार नाही, तर माल कमी करा, हवा वाढवायला सांगू नका.

स्टेपनीची हवा माल चढवायच्या आधी मोजून घ्या. ती गाडीच्या खाली असली, तर गाडी भरल्यावर तिथे हात पोचत नाही.