एका छत्रातले दोन पाहुणे



तंजावरच्या दक्षिणेस, पट्टुकोट्टईच्या वाटेवर ओरत्तनाडु हे गाव आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबाळ हिच्या नावाने तेथे छत्र उभारले. अशा छत्रांत रामेश्वरास जाणारे यात्रेकरू एका छपराखाली निजत. निजलेल्याला आपल्या गाठोड्याची राखण करता येत नाही, हे जाणून शहाणा वाटसरू ते उशाशी घेई.

आज हे आठवण्याचे कारण निराळे आहे. 2011 साली तमिळनाडू सरकारने सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांना विनामूल्य लॅपटॉप देण्यास आरंभ केला. त्यांत विंडोज आणि पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅकची बॉस लिनक्स, अशा दोन कार्यप्रणाली शेजारी शेजारी होत्या. आज पुष्कळ घरांत असे दुहेरी संगणक आहेत. त्यांची सुरक्षितता कशी राखावी?

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. दोहोंपैकी एका वेळी एकच प्रणाली जागी असते. विंडोजमध्ये आपण घातलेले परवान्यांचे निर्बंध विंडोजच पाळते. ती निजली आणि लिनक्स जागी झाली, की त्याच फाइली बिनदिक्कत वाचता येतात. उलट, विंडोजमध्ये शिरलेला आणि पूर्ण अधिकार मिळवलेला विषाणू लिनक्सच्या भागावरही लिहू शकतो. म्हणजे केवळ परवलीचा शब्द म्हणजे कुलूप नव्हे. ती दारावरची पाटी आहे.

खरे कुलूप म्हणजे डिस्कवरील मजकूर कूटबद्ध करणे. विंडोजमध्ये बिटलॉकर व लिनक्समध्ये लक्स ही साधने आहेत. लक्सची योजना प्रणाली बसवतानाच करणे सोयीचे. बिटलॉकरची पुनर्प्राप्ती-किल्ली मात्र कागदावर उतरून संगणकापासून दूर ठेवावी. संगणक सुरू होण्याच्या व्यवस्थेत बदल झाला, की ती मागितली जाते. ती हरवली तर आपलेच घर आपल्याला बंद!

दुसरे, विंडोजची 'जलद प्रारंभ' ही सोय बंद करावी. तिच्यामुळे विंडोज पुरती बंद होत नाही, अर्धवट निजते. आणि अशा वेळी लिनक्सने तिच्या भागावर लिहिल्यास फाइली बिघडू शकतात.

तिसरे, क्वचित वापरली जाणारी प्रणालीही अद्ययावत ठेवावी. जुनी भोके तिच्यातच राहतात. पण अद्ययावत करण्यापूर्वी कागदपत्रांची प्रत बाहेर काढून ठेवावी. ऑगस्ट 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुधारणेनंतर अनेकांच्या दुहेरी संगणकांवर लिनक्स सुरूच होईना. हेतू सुरक्षेचा होता. खोळंबा शेजाऱ्याचा झाला.

मुलाची प्रमाणपत्रे, वडिलांची बँकेची कागदपत्रे, आईची छायाचित्रे बहुधा एकाच यंत्रात असतात. तेव्हा दोन पाहुण्यांना जागा अवश्य द्यावी. मात्र प्रत्येकाच्या गाठोड्याला स्वतंत्र कुलूप असावे, आणि त्याची एक प्रत छत्राबाहेर असावी.