पावतीबाहेरची सेवा

(देवस्थानच्या वर्धापनदिनी महाजनांच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या मंगल दिनी चार शब्द बोलण्याची आज्ञा समितीने मला केली, हा मी श्रींचा प्रसाद समजतो. येत्या वैशाखात देवळाच्या तळीवर महाजनांचा श्रमदान दिन साजरा करावा, असा ठराव आपल्यापुढे आहे. त्यास माझा मनःपूर्वक पाठिंबा आहे. परंतु पाठिंब्यासोबत मला एक कबुलीही द्यावयाची आहे.

आपला पूर्वेतिहास आपण अभिमानाने सांगतो. सोळाव्या शतकात जुन्या स्थळी देवालयांचा विध्वंस सुरू झाला, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. अंत्रुज महाल त्या वेळी पोर्तुगीजांच्या सत्तेबाहेर होता. त्या संकटात देव नदीपार आले ते पावत्या फाडून नव्हे. कोणी वाट दाखविली असेल, कोणी होडी वल्हविली असेल, कोणी खांदा दिला असेल. त्यांतील बहुतेकांची नावे आपल्या कोणत्याही वहीत नाहीत. पुढे 1933 च्या नियमावलीने महाजनांचा कारभार कायद्याने बांधून दिला. हक्क लेखी झाले, हे योग्यच झाले. परंतु खांदा देण्याची वृत्ती कोणत्याही कलमात लिहिता येत नाही.

आता माझी कबुली. काही वर्षांपूर्वी आमच्या वाड्यावरील लहान तळीचा गाळ उपसण्याचे आम्ही ठरविले. पुढाकार माझा होता. कुदळी, फावडी, घमेली आणली. नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले. छायाचित्र काढले आणि उत्साहाने कामास लागलो. उपसलेला गाळ आम्ही काठावरच टाकीत होतो. तेथील वृद्ध सेवेकरी दोनदा म्हणाला, “बाब, गाळ काठार दवरूं नाकात.” मी हसून मान डोलावली आणि काम तसेच पुढे चालू ठेवले. दुपारी जेवणे आटोपून आम्ही कृतकृत्य होऊन घरी परतलो.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तो सारा गाळ पुन्हा तळीत उतरला. झरीचे तोंड बुजले. पुढे तो सेवेकरी आणि त्याची पत्नी कित्येक दिवस पाटी-पाटीने ती घाण काढीत होती, हे मला गणेशचतुर्थीला गावी गेल्यावर कळले. त्याने तक्रारीचा एक शब्द काढला नाही. आमचे छायाचित्र मात्र आजही भिंतीवर आहे. त्या छायाचित्रात तो नाही.

सज्जनहो, ही गोष्ट मी स्वतःची निंदा करण्यासाठी सांगत नाही. ठरावातील ‘महाजनांचा श्रमदान दिन’ हे शब्द मला अपुरे वाटतात, म्हणून सांगतो. देवळाचा परिसर वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस ज्यांच्या हातांनी झाडला जातो, त्यांना त्या दिवशी आपण बाजूला उभे करणार काय? माझी सूचना अशी की, त्या दिवसाचे मुखत्यार सेवेकरी असावेत. कोठे खणावे, कोठे थांबावे, हे त्यांनी सांगावे आणि आपण ऐकावे.

कारण तळी साफ करणे हे केवळ बळाचे काम नव्हे. वैशाखात पाणी सर्वांत खाली जाते, तेव्हाच गाळ काढावा. तळाशी चिकणमातीचा थर असतो, तो फोडू नये. पाणी धरून ठेवणारा तोच. चिऱ्यांच्या सांध्यांत उगवलेली पिंपळाची रोपे कोवळी असतानाच मुळासकट काढावीत. मूळ जाड झाल्यावर ओढले तर पायरीच निखळते. आणि उपसलेला गाळ त्याच दिवशी कुळागरात न्यावा; माडापोफळींच्या मुळाशी तो खत होतो, तळीच्या काठावर मात्र शत्रू ठरतो.

कोणी म्हणतील, एवढे कशाला? वर्गणी काढू, मजूर लावू. हे खरे की मजूर आपल्याहून चांगले काम करतील. परंतु ज्याने एकदा घमेले डोक्यावर घेऊन त्या पायऱ्या चढल्या, तो निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी तळीत टाकणार नाही आणि दुसऱ्यास टाकू देणार नाही. पैशाने गाळ निघेल. गाळ होऊ न देणारी माणसे पैशाने मिळत नाहीत. संत गाडगे महाराज गावात आले की आधी खराटा हाती घेत आणि मग कीर्तनास उभे राहत. हा क्रम त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

मुंबई, पुणे, बेळगाव येथे स्थायिक झालेल्या महाजनांना माझी विनंती आहे की, जत्रेप्रमाणे या दिवसासाठीही सहकुटुंब यावे. मे महिन्यात मुलांच्या शाळांनाही सुट्टी असते. वृद्धांनी सावलीत बसून निर्माल्य वेगळे करावे, मुलांनी पायऱ्या झाडाव्यात, तरुणांनी तळाशी उतरावे. दहा वाजता पेज आणि तोरांचे लोणचे सर्वांनी एकाच पंक्तीस बसून घ्यावे. आणि पहिला पाऊस पडल्यावर आपल्यापैकी चौघांनी तरी पुन्हा येऊन झरीचे तोंड पाहून जावे. श्रमदान दिनाची परीक्षा त्या दिवशी होत नाही, ती पहिल्या पावसात होते.

तो वृद्ध सेवेकरी आता हयात नाही. त्याची क्षमा मागावयाची राहून गेली. येत्या वैशाखात त्याचा मुलगा जेथे सांगेल तेथे मी फावडे घेऊन उभा राहणार आहे. आपणही यावे, एवढीच प्रार्थना करून आणि श्रींच्या चरणी मस्तक ठेवून मी आपली रजा घेतो.