फुले वाड्याचा हौद आणि आपली मिटिंग
(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त कर्जत येथील बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज ३ जानेवारी. सावित्रीबाईंचा फोटो आपण दरवर्षी पुजतो, शाळेची गोष्टही दरवर्षी सांगतो. १८४८ ला पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, हे आता आपल्या लेकरांनाही पाठ आहे. आज मी त्यांच्या शाळेबद्दल नाही, घराबद्दल बोलणार आहे.

पुण्याच्या गंज पेठेत फुले वाडा आहे. पुण्याला दवाखान्याला, लग्नकार्याला आपण जातोच. तेव्हा वाट वाकडी करून एकदा बघून या. फार मोठा राजवाडा नाही. साधं घर, अंगण आणि पाण्याचा हौद.

तो हौद नीट बघा. त्या काळी अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या माणसांना सार्वजनिक पाण्याला हात लावायची बंदी होती. आपल्या दुष्काळी भागातल्या बाईला वेगळं सांगायला नको, डोक्यावर रिकामा हंडा आणि समोर भरलेलं पाणी असताना कसं वाटत असेल! १८६८ ला जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला १९२७ ला. म्हणजे त्याच्या ५९ वर्षं आधी.

त्याच्याही आधी, १८६३ ला, या नवरा-बायकोनं फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बाळंतपणाची सोय केली. लोक ज्यांना दारात उभं करत नव्हते, त्यांची बाळंतपणं सावित्रीबाईंनी केली. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत पुढं डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात आजाऱ्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या, तेव्हा दवाखाना चालवणारा हाच लेक होता.

सख्यांनो, भाषण करणं सोपं असतं. स्वतःच्या घरचं पाणी आणि स्वतःच्या घरचं दार उघडणं अवघड असतं. शाळेपायी याच जोडप्याला १८४९ ला सासऱ्यांचं घर सोडावं लागलं होतं. घर सुटण्याचं दुःख माहीत असलेल्या बाईनं दुसऱ्यांसाठी घर उघडलं, म्हणून तो वाडा मोठा.

आता आपल्याकडं या. आपल्या गटाची मिटिंग कुठं होते? बहुतेक ठिकाणी त्याच दोन-तीन घरांत. वस्तीवरच्या ताईकडं का होत नाही? "तिचं घर लहान आहे," असं आपण म्हणतो. तीही म्हणते, "माझ्याकडं कुठं जागा?" खरं कारण दोघींनाही माहीत असतं, बोलत कुणी नाही. बचत सगळ्यांची सारखी, सही सगळ्यांची सारखी, मग चहा एकाच घरचा का?

संक्रांत जवळ आली. हळदी-कुंकवाला विधवा ताईला बोलवायचं की नाही, हेही आपल्याच हातात आहे. त्याला कुठल्या साहेबाची मंजुरी लागत नाही.

म्हणून माझी एकच विनंती. पुढच्या मिटिंगला हा विषय घ्या आणि ठराव वहीत लिहा: मिटिंग पाळीपाळीनं प्रत्येक सदस्याच्या घरी, आणि जिच्या घरी मिटिंग तिच्याच घरचं पाणी. जागा कमी पडली तर अंगणात पोतं टाकून बसू.

फोटोला हार घातलाच आहे. आता दार उघडू या.

जय सावित्री!