काचपेटीतील वनस्पतींची छाटणी



माशांची काचपेटी आता पुष्कळ घरी असते. तीत कॅबोंबासारखी वनस्पती वाढून वर दाटली, म्हणजे खाली उजेड पोचत नाही व पाने कुजतात.

म्हणून शेंडा अर्धी वीत ठेवून पेराशी कापावा, खालच्या दोन पेरांची पाने काढावीत व तो वाळूत खोचावा. पेरातून मुळे फुटतात. जुन्या बुंध्यालाही नवे फाटे येतात. व्हॅलिस्नेरियाच्या पट्टीसारख्या पानांचे शेंडे मात्र कापू नयेत. बाजूला आलेले पिलू मुळे धरल्यावर वेगळे करावे. एका वेळी तिसरा हिस्साच छाटावा.

हाच गुण बाहेर घातक ठरतो. तुकडे बावखलात किंवा तळ्यात टाकाल, तर तेथेही रुजतील. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली. 19व्या शतकाच्या अखेरीस ती फुलांच्या हौसेने बंगालात आली, आणि आज तळीच्या तळी झाकून टाकते.

ज्या बावखलांवर रहाट चालवून वडीलधाऱ्यांनी वसईच्या वाड्या शिंपल्या, ती आपल्या हौसेने बुजू नयेत. तुकडे उन्हात कडकडीत वाळवावेत व कुंडीत घालावेत, खत होईल.