मराठी समजणारे बंडोपंत

(मंडळाच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



अध्यक्ष म्हणाले, "दहा मिनिटे बोला, विषय तुमच्या आवडीचा घ्या." आम्ही पडलो पदविकाधारक उपयंत्री. आमचा सगळा जन्म एस्टिमेट आणि मेजरमेंट बुकात गेला, व्यासपीठाची सवय नाही. तेव्हा जे घरात घडले तेच सांगतो. आमच्याकडे सव्वादोन वर्षे राहून गेलेल्या एका म्हाताऱ्या कुत्र्याची ही हकिकत आहे.

सुदामा नगरात आमच्या मागच्या गल्लीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहत. काकू आधीच गेलेल्या, मुलगा अमेरिकेत. सोबतीला एक तांबूस गावठी कुत्रा. काका त्याला बंडोपंत म्हणत आणि अहो-जाहो करीत. "बंडोपंत, बसा." "बंडोपंत, जेवून घ्या." सगळी गल्ली हसायची.

काका अचानक गेले. मुलगा आला, तेराव्यापर्यंत राहिला. घराला कुलूप लागणार, पण कुत्र्याचे काय? वय दहाच्या पुढे, तोंड पांढरे झालेले. पिल्लू असते तर दहा जणांनी नेले असते. शेवटी कुत्री सांभाळणाऱ्या एका संस्थेचा मुलगा गाडी घेऊन आला. "बैठ, बैठ" म्हणून तो थकला. बंडोपंत आपले उभेच. आमची आई सहज तिथे गेली होती. ती म्हणाली, "बंडोपंत, बसा." तर ते लगेच बसले.

आई घरी आली आणि म्हणाली, "अरे, त्याला हिंदी कळत नाही. तिथे त्याच्याशी कोण बोलणार?"

ही आमची आई सोवळ्यातली. कुत्र्याची सावली स्वयंपाकघरात पडू नये अशी तिची शिस्त. त्याच आईच्या शब्दावर बंडोपंत संध्याकाळी आमच्या ओट्यावर आले. अट एकच, देवघराकडे फिरकायचे नाही. ती त्यांनी शेवटपर्यंत पाळली.

खरे सांगायचे तर आम्ही दोघे नाखूश होतो. दोघांची नोकरी, त्यात म्हातारे जनावर, म्हणजे औषधपाणी आलेच. पहिले चार दिवस त्यांनी अन्नाला तोंड लावले नाही. रोज संध्याकाळी काकांच्या बंद फाटकापुढे जाऊन बसत, दहा-पंधरा मिनिटांनी उठून परत येत. जपानमधल्या हाचिकोची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मालक 1925 साली वारले तरी तो 1935 पर्यंत, म्हणजे स्वतः मरेपर्यंत, टोकियोच्या शिबुया स्टेशनावर त्यांची वाट पाहत राहिला. आमच्या बंडोपंतांनी अकरा महिने वाट पाहिली. एके दिवशी ते आमच्याच फाटकातून मागे फिरले आणि आईच्या खुर्चीशेजारी येऊन बसले. त्या रात्री आई नीट जेवली नाही. म्हणाली, "आज काका खरे गेले."

आता आमच्या मुलीबद्दल. शाळेत इंग्रजी, बाहेर हिंदी, घरात "आई, मेरा टिफिन दे." आपल्या बहुतेक घरांत हीच तऱ्हा आहे. मोठ्या माणसांनाही "काका, तू ये ना" म्हणायची. आम्ही रागावून पाहिले, बक्षिसे लावून पाहिली, काही उपयोग झाला नाही. पण बंडोपंतांना मराठीच कळायचे, तेही अहो-जाहोचे! "या", "थांबा", "पाणी प्या" असे म्हणता म्हणता पोरीची जीभ वळली. जे आम्हांला दहा वर्षांत साधले नाही ते त्यांनी वर्षभरात केले.

म्हातारे कुत्रे सांभाळताना आम्ही जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. गुळगुळीत फरशीवर त्यांचे पाय घसरतात, तिथे जुनी सतरंजी टाका. जेवण मऊ आणि दोन वेळा विभागून द्या. रेबीजची लस चुकवू नका. कांदा, लसूण, चॉकलेट आणि मनुका कुत्र्याला विषासारखे आहेत, म्हणून कांदा घातलेले पोहे आणि मनुका घातलेला प्रसाद प्रेमाने भरवू नका. आणि पाणी एकाएकी जास्त पिऊ लागले तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आम्ही ते उन्हाळ्यावर ढकलले. रक्त तपासले तेव्हा मूत्रपिंडे बरीच निकामी झाली होती.

शेवटच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "फार त्रास होतोय. इंजेक्शन देऊन सोडवता येईल." आम्ही म्हणालो, उद्या सांगतो. ती रात्र त्यांनी तळमळत काढली आणि पहाटे आईच्या खुर्चीपाशी प्राण सोडला. ती एक रात्र आम्ही त्यांच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी मागून घेतली होती. हे आजवर कोणाला बोललो नाही, आज बोलतो आहोत. राऊच्या पुढे एका स्नेह्याच्या शेतात, कडुलिंबाखाली त्यांना पुरले.

कोणी म्हणाले, कुत्र्यासाठी एवढे? मंडळी, महाभारतात धर्मराजाने सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जायचे नाकारले. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. रायगडावर वाघ्याचे स्मारक 1936 साली उभे राहिले, त्याच्या देणगीत आपल्या इंदूरच्या तुकोजीराव होळकरांचे नाव घेतले जाते. वाघ्याच्या इतिहासाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, त्यात आम्ही शिरत नाही. पण कुत्र्याच्या आठवणीसाठी इंदूरच्या राजाने हात सैल सोडला, असे लोकांना खरे वाटते. होळकरांचे कुलदैवत खंडोबा आणि खंडोबाजवळ कुत्रा असतोच.

अनंत चतुर्दशी झाली की पितृपक्ष येतो. आपल्याकडे श्राद्धाच्या पंचबलीत गाय आणि कावळ्याबरोबर कुत्र्याचाही घास काढतात. मागच्या पितृपक्षात आईने तो घास काढला, ओट्यावर ठेवला आणि सवयीने म्हणाली, "बंडोपंत, जेवून घ्या." मग तिच्या लक्षात आले. तो घास गल्लीतल्या एका काळ्या कुत्रीने खाल्ला. तिला मराठी येत नाही. आमची मुलगी शिकवते आहे.

दोन विनंत्या करून थांबतो. ज्यांच्या घरी कुत्रा आहे आणि मुले परगावी आहेत, त्यांनी आपल्यामागे त्याला कोण नेणार हे आजच कोणाशी तरी बोलून ठेवावे. काकांनी तेवढेच राहू दिले होते. आणि कुत्रा पाळायचे मनात असेल तर पिल्लूच हवे असा हट्ट धरू नका. म्हातारा आणला तर दिवस थोडे मिळतात, हे खरे. आम्हांला सव्वादोन वर्षे मिळाली. पुन्हा विचारले तर पुन्हा आणू, फक्त या वेळी डॉक्टरांकडे लवकर जाऊ.

गणपती बाप्पा मोरया!