प्रतिसरकार तें लोकसभा
(माढा येथें शेतकरी व बलुतेदार मंडळींपुढें केलेलें भाषण)



बांधाचें भांडण नाहीं असें शिवार माढें तालुक्यांत आहे काय? उजनीच्या पाण्याची पाळी चुकली कीं भाऊ भावावर कुऱ्हाड उचलतो आणि दोघांचीही ज्वारी वकिलाच्या कणगींत जाते. म्हणूनच आज आम्ही क्रांतिसिंह नाना पाटील यांची हकिगत सांगणार आहों.

वाळवें तालुक्यांतील येडेमच्छिंद्र गांवचे नाना ३ ऑगस्ट १९०० रोजीं जन्मले. शेतकऱ्याचें पोर तलाठी झालें, आणि १९३० सालीं कायदेभंगासाठीं तीच नोकरी त्यांनीं सोडली. सत्यशोधकांची रांगडी बोली त्यांच्या तोंडीं होती. त्यामुळें त्यांचें बोलणें चुलीपर्यंत पोहोंचे. १९४२ च्या चळवळींत ते भूमिगत झाले. सरकारनें घरदार जप्त केलें, तरी १९४६ पर्यंत नाना हातीं लागले नाहींत. त्यांना लपविलें कोणीं? तुमच्यासारख्याच घरांनीं, आपल्या टोपल्यांतली भाकर देऊन!

१९४३ पासून सातारा जिल्ह्यांत प्रतिसरकार चाललें. ७ जून १९४३ रोजीं शेणोलीजवळ त्याच्या तुफान सेनेनें आगगाडींतला सरकारी पैसा लुटला. शाहीर याचे पोवाडे गातात, गावोत. आमच्या मतें मोठें काम न्यायदान मंडळांचें. कर्जाचे, बांधाचे, नांदविण्याचे तंटे गांवांतच मिटूं लागले; दारूला आळा बसला; लग्नें थोडक्या खर्चांत होऊं लागलीं. गुन्हेगाराच्या तळपायांवर मारही बसे. लोक त्यास 'पत्री सरकार' म्हणत. त्या माराची आम्ही थोरवी गात नाहीं. धाक माणसाला गप्प करतो, शहाणें करीत नाहीं.

स्वराज्य आल्यावर नाना मतपेटीच्या वाटेनें गेले. शेतकरी कामकरी पक्षांतून ते कम्युनिस्ट पक्षांत आले. १९५७ सालीं साताऱ्यानें व १९६७ सालीं बीडनें त्यांना लोकसभेंत पाठविलें. दिल्लींतही ते मराठींत बोलले. ६ डिसेंबर १९७६ रोजीं त्यांचा अंत झाला.

मंडळी, रानांत लपलेल्या नानांना गांव जसा भाकर देऊन पारखीत होता, तसें आज मत देतांना उमेदवाराला पारखतों काय? जात पाहून, जेवण पाहून मत टाकावें आणि मग पांच वर्षें कपाळ बडवावें, हें शहाणपण नव्हे. आणि पाण्याचा तंटा कोर्टांत नेण्यापूर्वीं एकदां गांवांत बसा. त्या बैठकींत बायाबापड्यांना व बलुतेदारांना बरोबरीची जागा द्या. एवढें साधलें तर नानांचें राज्य तुमच्या चावडींत आहे. नाहीं तर त्यांच्या तसबिरीला हार घालूनही तें यावयाचें नाहीं!