स्वयंपाकघराची मांडणी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, हुंडाबंदी, काटकसर अशा थोर विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. माझ्यासारख्या जुन्या मॅट्रिक शाळामास्तराने डबे, फळ्या आणि फडताळे यांवर बोलावे, हे कित्येकांस हास्यास्पद वाटेल. परंतु ज्या खोलीत आपल्या घरातील स्त्रीचा निम्मा जन्म जातो, त्या खोलीचा विचार आपण पुरुषमंडळी सहसा करीत नाही. मीही केला नाही. त्याचे मोल माझ्या घराने दिले, म्हणून हा विषय मी मागून घेतला आहे.

आपल्या बीड जिल्ह्यातील जुनी घरे माळवदाची. रुंद, जाड भिंती आणि त्या भिंतींतच कोनाडे, देवळ्या व फडताळे. वर्षाची ज्वारी बळदात किंवा पेवात, डाळी-कडधान्ये उतरंडीच्या मडक्यांत, दूध-दही शिंक्यावर आणि मीठ-मिरची चुलीशेजारच्या कोनाड्यात. कागदावर कोणी आराखडा काढला नव्हता, तरी आराखडा होताच. रोज लागेल ते हाताशी, आठवड्याने लागेल ते दोन पावलांवर आणि वर्षाचे ते भिंतीच्या पोटात. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. धुराने बायकांचे डोळे चुरचुरत, पेवात ओल शिरली की धान्य कुजे आणि तळातल्या मडक्यासाठी अख्खी उतरंड उतरावी लागे. तथापि १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी मुलगा असताना, आई बळदाच्या तळाची ज्वारी मापट्याने मोजून काढीत असे, ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. साठवण आणि अडगळ यांत किती अंतर आहे, हे मला तेव्हा कळले.

पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीच्या जड भिंतींखाली गाडली गेली. त्या भयाने आपल्याकडेही अनेकांनी माळवदे उतरविली आणि विटा-सिमेंटची घरे बांधली. ते योग्यच झाले. परंतु नऊ इंची भिंतीत फडताळ मावत नाही, साडेचार इंची भिंतीत तर कोनाडाही निघत नाही. भिंतीच्या पोटात मावलेला संसार बाहेर आला आणि ओट्याखाली, दाराआड व माळ्यावर पसरला. त्याला नवी जागा कोठे द्यावयाची, हे घर बांधताना कोणी विचारात घेतले नाही.

मी १९९६ साली असेच घर बांधले. बैठकीची खोली ऐसपैस केली, उरलेल्या जागेत स्वयंपाकघर बसविले. गवंड्याने फळ्यांविषयी विचारले, तेव्हा “एक माळा टाका, सगळे त्यावर जाईल,” असे मी सांगितले. पत्नीला विचारले नाही. पुढे वीस वर्षे ती प्रत्येक सणाला स्टुलावर चढून फराळाचे पितळी डबे काढीत असे. एका दिवाळीच्या तोंडावर स्टूल कलंडले आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण काठीवाचून ती पुन्हा चालली नाही. “डबा खाली असता तर बरे झाले असते हो,” एवढेच ती एकदा म्हणाली. आज ती हयात नाही. बंधूंनो, त्या घराचा आराखडा मी केला होता.

जागा लहान आहे, ही सबब खरी नव्हे. जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरात १९२६ साली कामगारांच्या घरांसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुशास्त्रज्ञ बाईंनी स्वयंपाकघर आखले. ते सुमारे १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब, म्हणजे आपल्या ओसरीच्या कोपऱ्याएवढे. स्वयंपाक करणारीची पावले मोजून त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा ठरविली. कोरड्या जिनसांसाठी नावे घातलेले ॲल्युमिनियमचे खण केले, तर पिठाला कीड लागू नये म्हणून त्याचे खण ओक लाकडाचे केले. त्या खोलीत जागा थोडी होती, पण विचार पुष्कळ होता.

आता आपल्यापुरत्या काही गोष्टी सांगतो. पहिली, माप गवंड्याचे नको, घरातील स्त्रीचे घ्यावे. तिने हात सहज वर केला असता जेथे पोहोचतो, त्याहून वर रोजची फळी नसावी. फळी फूटभर खोल पुरे. अधिक खोल केली की मागचा डबा दिसत नाही आणि त्यातील डाळीला कीड लागते. दुसरी, रोजच्या वस्तू कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत आणि जड वस्तू सदैव खाली. माळ्यावर केवळ हलके व क्वचित लागणारे सामान ठेवावे.

तिसरी गोष्ट धान्याची. ज्वारी-गहू कडक उन्हात वाळवावे, दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. गार झाल्यावरच कोठीत भरावे, अन्यथा आत वाफ धरते. कोठी फळीवर आणि भिंतीपासून हातभर दूर असावी. जुने धान्य संपल्याखेरीज त्यावर नवे ओतू नये. धान्यात घालावयाच्या विषारी गोळ्या राहत्या घरात कदापि आणू नयेत. हवेतील ओलाव्याने त्यांतून प्राणघातक वायू निघतो. चौथी गोष्ट गॅसची. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर उभाच ठेवावा, बंद कपाटात कोंडू नये आणि खालच्या बाजूस हवा जाण्यास झरोका असावा.

पाचवी गोष्ट आपणा सर्वांच्या हातची आहे. आपल्या घरांचे माळे कशाने भरले आहेत? लग्नामुंजीत आलेल्या आहेराच्या भांड्यांनी. वापरीत नाही, आणि टाकवतही नाही. आपल्याच जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे दरवर्षी गळीत हंगामासाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. तवा, परात, चार पातेली आणि पिठाचा डबा एवढ्यावर कोपीत त्यांचा महिनोन्‌महिने संसार चालतो. त्या कष्टाचे कौतुक करणे अनुचित होईल. परंतु संसारास खरोखर किती भांडी लागतात, हे त्यावरून कळते. मंडळाने आहेरात भांडी न देण्याचा ठराव करावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

येथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरांची बांधकामे पुढील उन्हाळ्यात सुरू होतील. पाया खणण्यापूर्वी एक दिवस कागद-पेन्सिल घेऊन स्वयंपाकघरात बसावे आणि ‘तुला काय कोठे हवे?’ असे घरातील स्त्रीस विचारावे. खर्च काही येत नाही. मी तो प्रश्न वेळेवर विचारला नाही. आपण विचारावा, एवढीच माझी विनंती आहे.